सोळा तालुक्यांचे सोळा फोटो

पाचवीच्या एका मुलीने यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशाला खालच्या बाजूने निळा रंग दिला आणि त्यावर लाटा काढल्या. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "समुद्र, मॅडम." पैनगंगेच्या जागी तिने समुद्र ओतला होता, आणि काठावर दोन नारळाची झाडंही लावली होती. तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. तिने आयुष्यात छापलेलं जेवढं पाणी पाहिलं होतं, तेवढं समुद्राचंच होतं.

मी बाभुळगावच्या एका शाळेत भूगोल शिकवते. वीस-बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आमच्या भागाचा एक धड फोटो मी कुठल्या पुस्तकात पाहिला नाही. म्हणून त्याच महिन्यात यवतमाळला शिक्षकांची बैठक झाली आणि जिल्ह्याची एक पुस्तिका काढायची, मधल्या पानावर मोठा नकाशा आणि सोळा तालुक्यांचे सोळा फोटो, असं ठरलं, तेव्हा मी जरा जास्तच सरसावून बसले. "फोटोंचं कोण बघणार?" असं समितीच्या अध्यक्षांनी विचारलं. ते एक निवृत्त प्राचार्य होते, फार मृदू बोलणारे. बाकीचे चार जण चहाच्या कपात बघू लागले. मी हात वर केला.

यात माझा स्वार्थही होता. माझे वडील मोजणी खात्यात साखळी ओढायचे. मोजणीदार पुढे टेबल लावून उभा, आणि वडील उन्हात साखळीचं टोक धरून बांधावरून बांधावर. आमच्या घराकडे स्वतःची वीतभर जमीन नव्हती, पण जिल्ह्यातली किती शेतं वडिलांच्या पायाखालून गेली याचा हिशेब नाही. घरी आले की जेवताना गावांची नावं सांगायचे, नाल्यांची सांगायचे, कुठला नाला कुठे मिळतो ते ताटातल्या वरणात बोटाने काढून दाखवायचे. ते म्हणायचे, "नकाशा काढणारा सावलीत असते, पोरी. त्याले नाला ओला हाय का कोरडा, काय माहीत!" मला वाटलं, आता आपण जाऊ, आपण बघू.

फोटो काढायला धाकटा भाऊ. त्याचा यवतमाळात स्टुडिओ आहे, लग्नाची कामं करतो. हल्ली लग्नाआधी जोडप्यांना डोंगरावर, धरणावर नेऊन फोटो काढतात, तेही. त्यामुळे जिल्ह्यातल्या 'चांगल्या जागा' आपल्याला पाठ आहेत असं त्याचं म्हणणं होतं. हिवाळ्यातले रविवार आम्ही ठरवले. त्याची मोटरसायकल, माझ्या पिशवीत स्थलनिर्देशक नकाशांच्या छापील प्रती, पाण्याची बाटली, पोळ्या.

पहिल्याच रविवारी आमचं बिनसलं.

नेर-दारव्ह्याकडचं पठार मला हवं होतं. नकाशात समोच्च रेषा तिथे लांब लांब जातात, जमीन अगदी हळू उतरते. वर्गात मी हे फळ्यावर हातवारे करून सांगते. प्रत्यक्ष रस्त्यावर उभं राहिलं की पोटऱ्यांना तो उतार कळतो, कॅमेऱ्याला कळत नाही. कापूस वेचून झालेली पराटी, मध्ये एक बाभूळ, वर पांढरं आभाळ. भावाने चार बाजूंनी फोटो काढले आणि कॅमेरा माझ्यापुढे धरला. सगळे सारखेच.

"ताई, यात काहीच नाही," तो म्हणाला.

"उतार आहे."

"कुठी आहे? मले तर सपाट दिसून राह्यलं."

"तुला दिसत नसेल तर तसा काढ की दिसेल!"

"उतार काय नवरी आहे, मान वाकडी कर म्हणायले?"

मी तापले.  पण खरं सांगायचं तर चूक त्याची नव्हती. पुढच्या प्रत्येक रविवारी हेच झालं. पुसदला गेलो. गाव चहूबाजूंनी डोंगरांत बसलेलं, वाटीत भाजी बसावी तसं. मी घाटाच्या वळणावर उभी राहून त्याला दाखवत होते की बघ, ही वाटीची कड, इथून अशी फिरून तिकडे जाते. फोटोत मात्र ती कड म्हणजे क्षितिजावरची एक निळसर रेघ. भर उन्हात मी दोन तास चढले होते ती टेकडी कागदावर नखाएवढी. हवेत उडणारा कॅमेराही त्याने एकदा आणला. त्यातून घरांची छपरं छान दिसली आणि डोंगर तर पारच जमिनीत दबले.

नकाशेही धड नव्हते. छापील नकाशात जिथे नदीच्या अलीकडे गाव, तिथे प्रत्यक्षात पलीकडे. मोबाइलमधला नकाशा एकदा आम्हाला बेंबळा धरणाच्या पाण्याकडे घेऊन गेला आणि 'सरळ जा' म्हणत राहिला. पुढे डांबरी रस्ता पाण्यात उतरलेला. भाऊ हसून हसून लोटपोट. मी मात्र त्या पाण्याच्या कडेला उभी राहून चिडत होते, कारण माझ्या पिशवीतल्या जुन्या प्रतीत तिथे धरणच नव्हतं, मोबाइलमध्ये धरण होतं पण रस्ताही होता, आणि मुलांना मी यातलं काय खरं म्हणून सांगू?

भावाने पाठवलेली पहिली तुकडी मी घरी संगणकावर उघडली तेव्हा दारव्ह्याच्या त्या पराटीवर काळेभोर ढग होते. मध्ये एक किरण उतरलेला. मी तिथल्या तिथे फोन लावला.

"हे ढग कुठून आले?"

"लावले मी. आभाळ लय पांढरं होतं."

"जानेवारीत? वेचलेल्या पराटीवर आषाढाचे ढग?"

"अवं ताई, आभाळच तर आहे. आभाळाचा काय भूगोल असते?"

आभाळाचाच तर अर्धा भूगोल असतो, हे मी त्याला पंधरा मिनिटं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, काढतो ढग. पण मंग म्हणू नको का फोटो फिका आहे म्हणून."

एक जागा मात्र मनासारखी मिळाली. वणी तालुक्याच्या टोकाला वर्धा आणि पैनगंगा मिळतात. कोळशाच्या गाड्यांची धूळ खात आम्ही तिथवर गेलो, नदीकाठच्या दगडगोट्यांतून उतरलो आणि दोन नद्यांमधल्या जमिनीच्या जिभेवर उभे राहिलो. प्रवाहाकडे तोंड केलं की डाव्या हाताला वर्धा, काळपट. उजव्या हाताला पैनगंगा, तिच्यापेक्षा हिरवी. मिळाल्यावरही बराच वेळ दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नाहीत, मध्ये एक शिवण दिसते. भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला आणि एकच फोटो काढला. तो बघून मला वाटलं, हा एक फोटो मुलांपुढे धरला तरी माझे सगळे रविवार वसूल.

झरी जामणी तालुका शेवटी उरला होता.

मला तिथला दगड हवा होता. आमचा बहुतेक जिल्हा काळ्या खडकाचा. झरी-मुकुटबनकडे गेलं की खडक बदलतो, चुनखडक लागतो, पिवळट-करडा, पाटासारख्या थरांचा. मुकुटबनच्या अलीकडे एका नाल्यात तो उघडा पडलेला आहे असं नकाशावरून दिसत होतं. पांढरकवड्याहून झरीमार्गे निघालो, डांबरी रस्ता सोडला, सागाच्या रोपवनातून एक गाडीवाट धरली आणि हरवलो. मोबाइलला रेंज नाही. वाट जिथे संपली तिथे पंधरा-वीस घरं होती. बांबूच्या तट्ट्याच्या भिंती, वरून सारवलेल्या, मध्ये चावडी. कोलामांचं पोड होतं ते. कोलाम आदिवासी आपल्या वस्तीला पोड म्हणतात.

चावडीसमोर एक म्हातारी बांबूच्या कामट्यांची टोपली विणत होती. मी नाल्याचं विचारलं. तिने हाताने दिशा दाखवली आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघून विचारलं, "काय हाय हे?"

मी नकाशा जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. "ही झरी. हे मुकुटबन. हा तुमचा नाला."

ती कामट्या बाजूला ठेवून वाकली. "मंग आमी कुठी हावो याच्यात?"

मी शोधलं. नाल्याच्या या बाजूला सागाच्या हिरव्या ठिपक्यांशिवाय काही नव्हतं. पलीकडच्या बाजूला मात्र सहा-सात काळे चौकोन होते. मी त्यावर बोट ठेवलं. "इथे, असं दाखवलंय."

ती हसली. दात नव्हते, पण मोकळं हसली. "ते जुनं पोड व्हय, बाई. तिथली हीर आटली, माणसं लागोपाठ मेली, मंग उठलो आमी तिथून. माहं लगन इथंच झालं. लय वर्सं झाली."

म्हणजे तिचा सगळा संसार ज्या जागेवर झाला ती जागा नकाशात रिकामी, आणि जिथे आता कुत्रंही नाही तिथे घरं.

एवढ्यात पोडाचा नाईक, म्हणजे तिथला प्रमुख, आला. चाळिशीचा, कपाशी वेचून परतलेला. त्याने आधी आमची चौकशी केली, मग नकाशाकडे बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. "यानंच तर घोळ केला, मॅडम," तो म्हणाला. मागच्या पावसाळ्यात त्याच्या भावजयीला कळा सुरू झाल्या. टेकडीवर चढून फोन लावला, दवाखान्याची गाडी निघाली. पोडाचं नाव सांगितलं, पण ड्रायव्हर नकाशा बघून नाल्यापलीकडे गेला. जुन्या पोडाच्या जागी. तिथे भिंतींचे उंचवटे आणि गवत. नाल्याला पूर. गाडी तिकडे उभी, बाई इकडे. शेवटी चौघांनी तिला बाजेवर टाकून सागातून रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथे रस्त्याच्या कडेलाच ती बाळंत झाली.

"लेकरू?" मी विचारलं.

"हाय. वाचलं. ते काय खेळून राह्यलं." त्याने चावडीकडे हात केला. "पण गाडीवाला मले म्हणे, तुमी चुकीच्या जागेवर राहून राह्यले. आमीच चुकीच्या जागेवर!"

भाऊ खाली मान घालून कॅमेऱ्याची काच पुसत बसला. म्हातारीने विचारलं, "तुमी नकाशा काढून राह्यल्या नं? मंग टाका नं आमाले त्यात."

"टाकू," मी म्हणाले.

नाईकाने नेमका प्रश्न विचारला. "सरकारी हाय का हा नकाशा?"

इथे मी जे बोलले ते आजही मला टोचतं. मी म्हणाले, "शाळेचा आहे. पण जिल्हाभर जाईल."

यात खोटं काही नव्हतं. पण शाळेच्या पुस्तिकेतला नकाशा बघून कुठलाच ड्रायव्हर गाडी चालवत नाही, हे मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते मी विझवायला हवं होतं. मी विझवलं नाही. नकाशावर लाल पेनने एक गोल केला, बाजूला पोडाचं नाव लिहिलं, त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पोडाचं नाव म्हणजे नाईकाच्या आजोबाचंच नाव. म्हातारीने त्या लाल गोलावरून अंगठा फिरवून पाहिला.

मग तिनेच आम्हाला नाल्यात नेलं. तिथे चुनखडकाच्या थरांची एक पुरुषभर उंच भिंत होती, वह्यांची चळत रचून ठेवावी तशी. तिच्यापुढे म्हातारी पाण्यात पाय सोडून बसली आणि भावाने फोटो काढला. ढग लावायची गरजच पडली नाही, आभाळ फोटोत आलंच नव्हतं.

मार्च महिन्यात समितीची बैठक झाली. मी सोळा फोटो टेबलावर मांडले, प्रत्येकाखाली टीप लिहिली आणि नकाशाच्या कच्च्या प्रतीवर पोडाचा ठिपका टाकून नेला. अध्यक्षांनी एकेक फोटो उचलून पाहिला. दारव्ह्याचा हातात घेतला तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "वा! हा फार सुरेख आहे. हाच मुखपृष्ठावर घेऊ."

मी बघितलं. तेच काळे ढग. भावाने ढगांची आणि ढग काढलेली अशा दोन्ही प्रती पाठवल्या होत्या आणि घाईत मी ढगांचीच छापून आणली होती.

"सर, हे आभाळ खरं नाही," मी म्हणाले.

"असू द्या, मॅडम. मुलांना आकर्षक वाटलं पाहिजे."

"पण सर, जानेवारीत पराटीवर असे ढग नसतात. मुलं शेतकऱ्यांची आहेत. ती हसतील आपल्याला."

बाकीचे चौघेही हसले, पण मला. अध्यक्षांनी मान हलवली आणि पुढचा फोटो उचलला. तो नाल्यातल्या खडकाचा. "यात काय दाखवायचंय?"

"चुनखडक. जिल्ह्याच्या पूर्वेला खडक बदलतो. माती बदलते, विहिरीचं पाणी बदलतं."

"छान, छान. पण या आजीबाई मध्ये बसल्यात ना. खडक झाकला गेलाय."

मी सांगितलं की माणूस असल्यामुळेच भिंतीची उंची कळते. त्यांनी पुन्हा "छान, छान" म्हटलं. असा मृदूपणा मला भांडणापेक्षा अवघड जातो, कारण त्यावर डोकं आपटायला भिंतच नसते. नकाशावरच्या माझ्या ठिपक्याबद्दल ते म्हणाले, "बघू, जागा असेल तर नक्की." मी एक पानभर पत्र लिहून त्यांच्या हातात दिलं. पोडाची जागा, अक्षांश-रेखांश, नाव, सगळं. त्यांनी घडी घालून नीट खिशात ठेवलं.

जूनमध्ये शाळेत पुस्तिकांचा गठ्ठा आला. मी शिक्षकांच्या खोलीत उभ्यानेच सुतळी कापली.

मुखपृष्ठावर काळे ढग. आत उमरखेडच्या पानावर धबधबा, पण तो आमच्या जिल्ह्यातला नव्हताच. आजूबाजूचे हिरवेगार कडे पाहून कुणीही सांगितलं असतं की तो कोकणातल्या घाटातला आहे. पुसदची वाटी कडेने कापून टाकलेली, उरलं ते बसस्थानक. झरी जामणीच्या पानावर म्हातारी होती, पण फक्त खांद्यापासून वर. खडक गेला. खाली ओळ होती: 'निसर्गाच्या सान्निध्यातील निरागस आदिवासी.'

आणि वणीच्या पानावर संगम उलटा छापला होता. आरशात दिसावा तसा. वर्धा उजव्या हाताला, पैनगंगा डाव्या. तिथे उभं राहिलेल्या माणसालाच ते कळलं असतं. म्हणजे मला आणि भावाला.

मधल्या पानावरचा नकाशा कुठूनतरी तयार उचललेला. त्यात तालुक्यांची नावं होती, मोठे रस्ते होते, नद्या होत्या. मुकुटबनसुद्धा नव्हतं, मग पोड कुठलं असणार.

अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "छपाईवाल्याने शेवटी फार घाई केली, मॅडम. पण एकूण पुस्तिका देखणी झालीये. तुमचं नाव आहे बघा ऋणनिर्देशात." ते होतं. तेवढं मात्र अचूक छापलं होतं.

मी शाळेतल्या सगळ्या प्रती घेऊन बसले आणि लाल पेनने दुरुस्त करायला लागले. वर्धेच्या जागी वर्धा, पैनगंगेच्या जागी पैनगंगा, धबधब्यावर फुली, नकाशावर मुकुटबन आणि त्याखाली पोडाचा ठिपका. बारा-तेरा प्रती झाल्या असतील, मुख्याध्यापक आले. "मॅडम, छापील पुस्तकावर पेन चालवता? उद्या कुणी तपासायला आलं तर?" मी म्हणाले, "तपासायला आलं तर बरंच होईल, सर." त्यांनी उरलेला गठ्ठा उचलून कपाटात टाकला आणि किल्ली खिशात घातली.

नाल्याला पूर येण्याआधी मला पोडात जायचं होतं. भाऊ म्हणाला, "कायले जातं? त्यायच्या ध्यानातही नसन." मी म्हणाले, "माझ्या आहे." तो कुरकुरत आला.

म्हातारी तिथेच होती. मी माझी स्वतःची, पेन न चालवलेली पुस्तिका उघडून तिचा फोटो दाखवला. तिने बराच वेळ बघितलं. "माहे पाय कुठी गेले?" तिने विचारलं. मग नाईकाने नकाशाचं पान उघडलं. त्याला वाचता येत होतं. त्याने बोट झरीपासून, मुकुटबन जिथे असायला हवं होतं तिकडे नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं.

"यात नाही आपण," तो म्हणाला.

"नाही. मी लिहून दिलं होतं. त्यांनी घेतलं नाही."

"मंग तुमी कायले आलत्या?"

त्याने हे रागाने विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. आणि मग मी ते सांगितलं जे पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं: की हे घेतलं असतं तरी दवाखान्याची गाडी यावरून आली नसती. तो नकाशा वेगळा असतो, त्याला अर्ज करावा लागतो, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्याने नकाशावरचं बोट उचललं. "तेव्हाच सांगतल्या असत्या तर आतापर्यंत अर्ज झाला असता नं, मॅडम. मी तर सगळ्यायले सांगून ठेवलं, आता आपण नकाशात येऊन राह्यलो म्हणून."

 म्हातारीने पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली. ठेवून घेतली नाही.

पुढच्या सोमवारी शाळेतून रजा काढून मी नाईकाबरोबर एका कार्यालयात गेले. हाताने काढलेला नकाशा, घरांची यादी, फोटो. टेबलामागच्या माणसाने सगळं उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "वस्ती तिथे आहे याला पुरावा काय?"

"हे स्वतः आलेत ना तिथून," मी म्हणाले.

"तसं नाही चालत. नकाशात दाखवा मले."

"नकाशात नाही म्हणूनच अर्ज करतोय."

"नकाशात नाही तर मंग आम्ही कसं मान्य करायचं?"

मला वाटलं, तो थट्टा करतोय. नव्हता करत. नाईक शांतपणे म्हणाला, "साहेब, मतदानाची पेटी येते नं आमच्याकडं. तिला कशी भेटते जागा?" त्या माणसाने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग अर्जावर शिक्का मारला, पोचपावती दिली आणि दुसऱ्या टेबलाकडे बोट केलं.

त्यानंतर आम्ही तीन वेळा गेलो. एकदा टेबलावर माणूस नव्हता, एकदा माणूस होता पण बदलून आलेला होता, एकदा अर्ज पुढे गेला होता आणि कुठे ते कुणाला माहीत नव्हतं. मी घरी येऊन नवऱ्यावर चिडायची, मुलांच्या वह्यांवर चिडायची. स्वयंपाक करताना त्या टेबलामागच्या माणसाशी मोठ्याने भांडायची.

भावाने मात्र मला न सांगता एक उद्योग केला. मोबाइलच्या नकाशात कुणालाही जागा टाकता येते. त्याने पोडाची खूण टाकली, नाव लिहिलं आणि सोबत नाल्यातल्या खडकाचा फोटो जोडला. अख्खा, म्हातारीच्या पायांसकट. पहिल्यांदा ती नाकारली गेली. त्याने पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा ती आली, नावात एक काना जास्त घेऊन, पण जागा बरोबर. नाल्याच्या या बाजूला.

मी खूश झाले. हे कबूल केलं पाहिजे. संध्याकाळभर मोबाइलवर ती खूण मोठी-लहान करून बघत बसले.

दिवाळीनंतर नाईकाचा टेकडीवरून फोन आला. "मॅडम, माणसं येऊन राह्यली इकडं. मोबाइलवर पाहून, शीदा पोडात."

"कोण माणसं? दवाखान्याची?"

"नाही वं. नवरा-नवरी. फोटो काढाले. त्या खडकापाशी. काल एक जोडी, आज दोन. नवरीनं एवढा लांब झगा घातलेला, नाल्यात भिजला. आमची म्हातारी हाकलून देऊन राह्यली त्यायले, तर ते म्हणे, आजी, तुमीबी बसा, फोटोतल्यासारख्या."

मी फोन कानाला धरून खुर्चीत बसले. मग भावाला फोन लावून वाटेल ते बोलले. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "ताई, मी कोणाले सांगतलं नाही, शपथ. फोटोच चांगला आला त्याले मी काय करू?" मी म्हणाले, फोटो काढून टाक, खूण राहू दे. त्याने काढला. तोपर्यंत तो इतरांनी उचलून कुठे कुठे टाकला होता.

संध्याकाळी टेकडीवरून नाईकाचा पुन्हा फोन आला तेव्हा मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफी कायची, मॅडम. गाडीले रस्ता भेटते हे तर समजलं. आता दवाखान्यावाल्यायले सांगू, हेच पाहून या म्हणून." आणि मग, "पण तुमचा तो अर्ज? त्याचं काय झालं?"

'तुमचा' म्हणाला तो. मी सांगितलं, गुरुवारी अर्धी रजा टाकलीये. तू सकाळच्या गाडीने ये, आणि येताना घरांची यादी पुन्हा लिहून आण, या वेळी त्यांना तीन प्रती हव्या आहेत.